विनापरवाना उजेड

काटेसाहेबांना एक खिडकी हवी होती. फार मोठी नाही. खाटेवर पडल्यापडल्या थोडं आभाळ दिसावं आणि दिवसा दिवा लावावा लागू नये, एवढीच. घर स्वतःचं, भिंत स्वतःची आणि त्या भिंतीमागे पडून असलेल्या सासूबाईही स्वतःच्याच. दुसऱ्या कोणालाही हे काम दोन दिवसांचं वाटलं असतं.

काटेसाहेबांना तसं वाटलं नाही, कारण त्यांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली होती. बाजारातले तराजू तपासायचे आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्का नसलेला तराजू अगदी बरोबर तोलत असला तरी त्यांच्या लेखी तो चोरच. म्हणून बाजाराने त्यांना काटेसाहेब हे नाव दिलं आणि ते गल्लीतही चालू लागलं. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

सासूबाई बरीच वर्षं लेकीकडेच राहत होत्या. लेक गेल्या वर्षी गेली. सासूबाई आणि जावई मागे राहिले. मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि जिना बंद झाला. खाली बाहेरची खोली होती, स्वयंपाकघर होतं आणि न्हाणीघराला लागून ट्रंका ठेवायची एक खोली होती. बाहेरच्या खोलीत झोपायला सासूबाईंनी साफ नकार दिला. "येणाऱ्या-जाणाऱ्याने बघायला मी काय शोकेसमधली बाहुली आहे?" म्हणून ट्रंका वर गेल्या आणि सासूबाई ट्रंकांच्या जागी आल्या. त्या खोलीला दार होतं. खिडकी नव्हती. ट्रंकांनी कधी मागितली नव्हती.

मग मेव्हणा आईला बघायला आला. मेव्हणा मोठ्या शहरात मोठ्या कंपनीत होता आणि बसण्यापूर्वी खुर्ची रुमालाने पुसत असे.

"इथे दिवसाही दिवा लावावा लागतो?" त्याने विचारलं.

"रात्रीही लावावा लागतो," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळची सोय आहे."

मेव्हण्याने काटेसाहेबांना बाहेर नेलं. "भाऊजी, तुम्ही आईचं खूप केलंत. पण आता ताई नाही. आईचा भार तुमच्यावर का? रीतीने बघितलं तर तुमचं-आमचं नातं आता..." पुढचं त्याने रुमालात गुंडाळलं. "मी पुढच्या महिन्यात गाडी घेऊन येतो. तोवर उजेडा-वाऱ्याची सोय झाली तर ठीक. नाहीतर आईला घेऊन जातो. माझ्याकडे अकराव्या मजल्यावर चारी बाजूंनी काचा आहेत."

तो गेल्यावर काटेसाहेबांनी हे सासूबाईंना सांगितलं.

"अकराव्या मजल्यावर मला काय दिसणार? विमानांची पोटं?" त्या म्हणाल्या. "दोघं नवरा-बायको सकाळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. मी काय काचांशी बोलू?"

काटेसाहेबांचीही तीच अडचण होती, फक्त त्यांच्याकडे काचाही नव्हत्या. चहात साखर जास्त झाली म्हणून भांडायला आणि 'ती असती तर' असं म्हणायला त्यांना जगात एकच माणूस उरलं होतं. सासूबाई गेल्या की बोलायला भिंती राहणार होत्या आणि त्यातली एक तर बिनखिडकीची.

त्यांनी गवंड्याला बोलावलं. गवंड्याने भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "सकाळी घण घालतो, संध्याकाळी चौकट बसवतो. आजी चांदण्या मोजतील."

"आणि परवानगी?"

"कसली?"

"खिडकीची."

तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं गवंडी त्यांच्याकडे बघत राहिला. "साहेब, या गल्लीत मी खिडक्या पाडल्या, दारं पाडली, एकाचा तर अख्खा जिना रस्त्यावर काढून दिला. परवानगी विचारणारे तुम्हीच पहिले."

"मी शिक्क्याशिवाय काही करत नाही."

"बरं. मग शिक्का मिळाला की हाक मारा. मी नसलो तर मुलाला मारा," असं म्हणून गवंडी गेला. जाताना भिंतीवर खुणा करायला आणलेला खडू विसरला.

हा खडू महाग पडला. बातमी गल्लीत फिरली आणि जो तो घराच्या बाजूच्या बोळात येऊन बाहेरच्या भिंतीवर आपल्या मताची खिडकी काढून दाखवू लागला. निवृत्त बँक मॅनेजरांनी उभी, दोन पाखांची काढली. आडव्या खिडकीमुळे घराला उतरती कळा येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पार छताला टेकलेली काढली. गरम हवा वर जाते हे त्यांनी गरज नसताना समजावून सांगितलं. समोरच्या वहिनींनी मांजर येऊ नये म्हणून इतकी लहान काढली की तिच्यातून उजेडालाही अंग चोरून यावं लागलं असतं. संध्याकाळपर्यंत ती भिंत एखाद्या तीन मजली चाळीसारखी दिसू लागली. काटेसाहेबांनी ओल्या फडक्याने सगळं पुसलं. भिंत थोडी पांढरी झाली, एवढाच त्या चर्चेचा फायदा.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून नगर कार्यालयात गेले. आयुष्यभर टेबलाच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहिला की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. काटेसाहेबांनी ते मागे बांधले.

"काय पाडायचंय?" कारकूनबाईंनी मान वर न करता विचारलं.

"पाडायचं नाही. खिडकी करायचीय."

"म्हणजे भिंत पाडायची. पुढची, मागची की बाजूची?"

"बाजूची."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुढची असती तर मीच दिली असती. मागची असती तर साहेबांनी दिली असती. बाजूची म्हणजे शेजाऱ्याचा प्रश्न. शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र आणा, घराचा नकाशा आणा आणि खिडकीचे फोटो आणा."

"खिडकी अजून झालेली नाही."

"मग जिथे नाही तिथले आणा."

काटेसाहेबांना हे नियमात बसणारं वाटलं. त्यांनी फोटोग्राफरला बोलावलं. फोटोग्राफर लग्नाचे फोटो काढणारा होता आणि नुसत्या भिंतीचा फोटो काढणं त्याच्या हाताला मान्य होईना. "कोणीतरी उभं राहा हो, नाहीतर फोटो मेल्यासारखा येतो." शेवटी काटेसाहेब भिंतीपाशी ताठ उभे राहिले. कार्यालयाने तो फोटो शेरा मारून परत केला: 'छायाचित्रात एक इसम दिसतो. सदर इसम बांधकामाचा भाग आहे काय, याचा खुलासा व्हावा.' काटेसाहेबांनी खुलासा केला. लेखी केला. आपण बांधकामाचा भाग नाही असं स्वतःच्या सहीने लिहून देताना त्यांना जरा कसंसंच झालं.

पण खरी अडचण शेजारी होती. बोळापलीकडच्या घरात एक गृहस्थ एकटेच राहत. त्यांना सगळे हरकतराव म्हणत आणि ते त्यांच्या तोंडावर म्हटलं तरी त्यांची हरकत नसे. हरकत नसलेली एवढी एकच गोष्ट. फाटकाच्या रंगाला त्यांनी हरकत घेतली होती. कुकरच्या शिट्टीला घेतली होती. पोस्टमनच्या सायकलच्या घंटीला तर दोनदा घेतली होती.

"साहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे," हरकतराव म्हणाले. "पण 'माझी हरकत नाही' हे शब्द मला लिहायला जमणार नाहीत. आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळी गल्ली मागेल. शिवाय तुमच्या खिडकीतून माझं स्वयंपाकघर दिसेल."

"अहो, आई पडून असतात. त्यांना फक्त आभाळ दिसेल."

"आज पडून आहेत. उद्या उठतील."

काटेसाहेब रागावून परत निघाले, पण वाटेत त्यांचा राग निम्मा उतरला. डॉक्टर, मेव्हणा, गल्ली, कोणीही आजवर म्हणालं नव्हतं की त्या उठतील.

ना-हरकत पत्राच्या जागी कोरा कागद जोडून अर्ज पुढे गेला आणि एक दिवस तपासणीला ओव्हरसियर आला. त्याच्या कमरेला टेप होती आणि तोंडावर दिवसभराची उन्हं. बोळात उभं राहून त्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"खिडकी कुठाय?"

"व्हायचीय. म्हणून तर परवानगी मागतोय."

"मग मी मोजू काय?"

"जागा मोजा."

"जागेचं वेगळं खातं आहे. मी झालेलं बांधकाम बघतो." त्याने वहीत लिहिलं: 'जागेवर खिडकी आढळून आली नाही.' मग जरा नरमाईने म्हणाला, "मी परत येतो. तोवर काहीतरी आढळेल असं बघा."

हा सल्ला होता की धमकी, हे विचारायला काटेसाहेब पुन्हा कारकूनबाईंकडे गेले. तोवर त्यांच्या फायलीला कार्यालयात थोडं नाव झालं होतं. बाई डबा खात होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"साहेब, तुम्ही सरळ माणूस आहात म्हणून सांगते. बाजूच्या नव्या खिडकीला परवानगी देणारी एक समिती आहे. तिच्यावर माणसं नेमायची राहिलीत. ती काही आपल्या हयातीत बसायची नाही. पण विनापरवाना पाडलेली खिडकी नियमित करायची सोय आहे. खिडकी पाडायची. मग कोणीतरी तिच्याविरुद्ध तक्रार करायची. मग आम्ही येणार, नोंद करणार, थोडा दंड लावणार आणि शिक्का मारून देणार."

"म्हणजे गुन्हा केला तर शिक्का मिळतो?"

"नीट केला तर. तक्रार आधी आणि तपासणी नंतर, हे सांभाळा. तक्रार नसताना खिडकी आमच्याच नजरेला पडली, तर बुजवायचा हुकूम निघतो. आणि तुमच्या अर्जावर ओव्हरसियर परत येणारच आहे."

काटेसाहेब घरी आले ते थेट सासूबाईंच्या खाटेपाशी बसले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "आई, मी जन्मभर खोटे तराजू जप्त केले. या वयात आता मीच..."

सासूबाई हसल्या. हसल्या की खुबा दुखायचा, म्हणून पुरतं हसून घ्यायच्या. "जावईबापू, माझ्या पोरीने तुमच्याबरोबर संसार कसा केला, ठाऊक आहे? आधी करून मोकळी व्हायची आणि मग तुम्हाला विचारायची. तुम्ही विचार करून हो म्हणायचात. तुम्हाला वाटायचं, परवानगी दिली."

काटेसाहेब उठून चहा टाकायला गेले. आधण ठेवून ते ओट्याकडे बघत राहिले. ओटा भिंतीपर्यंत वाढवला होता तो विचारून वाढवला होता की वाढवून विचारलं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना. वरची फळी, मोरीचा उंबरठा, पडद्याचा दांडा, सगळ्यांकडे त्यांनी संशयाने पाहिलं. घरभर शिक्क्याशिवाय कामं झालेली होती आणि एकही पडलं नव्हतं. चहा उकळून काळा झाला.

"साखर पुन्हा जास्त," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी गवंड्याने घण घातला. त्या दिवसापुरती सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतली शोकेस पत्करली आणि प्रत्येक घणाला आतून विचारलं, "पडली का?" काटेसाहेब मात्र फाटकाशी उभे राहून रस्त्यावर नजर ठेवत होते. गवंडी त्यांना म्हणाला, "साहेब, आत बसा. तुमच्या तोंडाकडे बघून लोकांना वाटतंय घरात चोरी चाललीय."

चौकट बसली. सासूबाईंची खाट परत आत आली. उन्हाचा चौकोन त्यांच्या पायांवरच्या चादरीवर पडला होता आणि त्या हात पुढे करून तो चाचपत होत्या. मग त्यांनी बाहेर पाहिलं. वर आभाळाची पट्टी होती आणि खाली हरकतरावांचं स्वयंपाकघर.

"अहो! दूध!" सासूबाई ओरडल्या. "उतू चाललंय दूध!"

पलीकडे हरकतराव दचकले. "आजी, या खिडकीला माझी सक्त हर—"

"आधी गॅस बंद करा! हरकत मग घ्या!"

हरकतरावांनी गॅस बंद केला. हरकत घ्यायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कांद्याला कढईत फार घाई होतेय असं सासूबाईंनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी हरकतरावांनीच पोळी खिडकीशी धरून दाखवली आणि विचारलं, "आज कशी आहे?" "नकाशावर गावं लिहिली की झाली," सासूबाई म्हणाल्या. बोळ अरुंद होता. दोघांना ओरडावं लागत नव्हतं, तरी ती दोघं ओरडत.

काटेसाहेबांना मात्र तक्रार हवी होती. ते हरकतरावांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दारात कोणी तक्रार मागायला आलं होतं.

"खिडकीविरुद्ध दोन ओळी लिहून द्या. आजच."

हरकतरावांना ते लागलं. "साहेब, माझी एकही तक्रार आजवर दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेली नाही. तक्रार आतून यावी लागते."

"मग येत नाही का आतून? तुमचं स्वयंपाकघर दिसतं ना?"

"दिसतं. हीच तर पंचाईत आहे." त्यांनी घसा साफ केला. "काल आजी म्हणाल्या, तुमच्या हाताला चव येतेय."

गल्लीत दुसऱ्या कोणाकडे जावं तर तिथेही तीच गत. बँक मॅनेजर म्हणाले, माझं नाव कुठे यायला नको. वहिनी म्हणाल्या, तुमच्याविरुद्ध कसं लिहू, परवाच तुमच्याकडून शिडी नेलीय. एरवी कचऱ्याच्या डब्यावरून अर्जांचा पाऊस पाडणारी गल्ली, एका खिडकीविरुद्ध दोन ओळी द्यायला तयार होईना. काटेसाहेबांनी स्वतःच स्वतःविरुद्ध तक्रार करता येते का, तेही विचारून पाहिलं. "आरोपीला ती सवलत नाही," कारकूनबाई म्हणाल्या.

आणि मग मेव्हण्याची गाडी दारात लागली. तो आत येऊन खुर्ची पुसतो न पुसतो तोच मागून ओव्हरसियर आला.

ओव्हरसियर बोळात न जाता सरळ सासूबाईंच्या खोलीत आला, कारण हाक मारायला बाहेर कोणी नव्हतं. खिडकीकडे बघून त्याचा चेहरा खुलला. "आढळली!" मग त्याने वही चाळली आणि चेहरा मिटला. "तक्रार दिसत नाही कोणाची."

"मिळाली नाही," काटेसाहेब म्हणाले.

"मग साहेब, ही मला दिसलेली झाली. मी मोजली की बुजवायचा हुकूम लिहावा लागेल. माझा इलाज नाही."

मेव्हणा उठला. "म्हणजे पुन्हा अंधारच. मी म्हटलंच होतं. आई, तुझी बॅग कुठाय? भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही प्रयत्न केलात."

काटेसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. तराजूवाल्यांना त्यांनी कितीदा ऐकवलं होतं की नियम म्हणजे नियम. तेच शब्द तोंडाशी आले आणि दुसरे येईनात. ते नुसते खाटेची कड धरून उभे राहिले.

"ओ ओव्हरसियर," सासूबाई म्हणाल्या. "टेप लावलीत का भिंतीला?"

"अजून नाही, आजी."

"मग थांबा. माझी तक्रार आहे."

"कशाविरुद्ध?"

"या खिडकीविरुद्ध. मी या खोलीत पडून असते. मला न विचारता या माणसाने खिडकी पाडली. डोक्यावर वारा येतो. डोळ्यावर ऊन येतं. आणि समोरचा माणूस पोळ्या लाटतो ते बघवत नाही."

"आजी!" पलीकडून आवाज आला.

"तुम्ही मध्ये बोलू नका, तव्याकडे बघा."

ओव्हरसियरने टेप पुन्हा कमरेला अडकवली. हुकूम लिहिण्यापेक्षा तक्रार लिहिणं त्याला सोपं होतं आणि त्यात जेवायच्या आधी सुटका होती. "तक्रारदार बाधित पाहिजे," तो म्हणाला.

"याहून बाधित कोण मिळणार तुम्हाला? खाटेवर आहे मी."

"बरोबर आहे." त्याने कोरा कागद काढला. "तक्रार कोणाविरुद्ध? आणि तुमचं नातं काय?"

"जावई."

मेव्हणा खाकरला. "म्हणजे, कागदावर नीट यायला हवं. माझी बहीण आता नाही. तेव्हा रीतीने बघितलं तर..."

"लिहा, जावई," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी गेली म्हणून जावई परत करायची पद्धत आमच्यात नाही."

ओव्हरसियरने लिहिलं. काटेसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर बघण्यासारखं खास काही नव्हतं, पण ते बराच वेळ बघत होते.

"आता सही करा, आजी. आणि एक लक्षात ठेवा. निकाल लागेपर्यंत खिडकीला कोणी हात लावत नाही, पण तक्रारदारालाही हा पत्ता सोडता येत नाही. सोडला तर तक्रार मागे घेतली असं धरतात आणि मग खिडकी बुजवावी लागते."

"निकाल कधी लागेल?" मेव्हण्याने विचारलं.

ओव्हरसियरने छताकडे पाहिलं. "परवा एकाचा लागला. त्याने तक्रार केली तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. पेढे द्यायला आला तो नातवाला घेऊन."

"हे काय चाललंय!" मेव्हणा म्हणाला. "आई, तू माझ्याबरोबर येणार आहेस की नाही?"

"कशी येऊ रे? सरकारचा नियम आहे. तुझे भाऊजी नियमाचे किती पक्के आहेत, तुला माहीत नाही का?"

पलीकडच्या खिडकीत हरकतराव लाटणं घेऊन उभे राहिले. "आजींना इथून न्यायला माझी हरकत आहे! लेखी देतो!"

"त्याचा आमच्याकडे नमुना नाही," ओव्हरसियर म्हणाला आणि कागद काटेसाहेबांपुढे धरला. "आरोपीने इथे सही करायची. आरोप कबूल आहे म्हणून."

काटेसाहेबांनी चष्मा पुसला, मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. ओव्हरसियरने पिशवीतून शिक्का काढून तक्रार दाखल झाली म्हणून मारला. शिक्का वाकडा पडला होता आणि एक अक्षर उठलंच नव्हतं. असा शिक्का काटेसाहेबांनी नोकरीत कोणाच्या बापाचा चालवून घेतला नसता.

"छान उठलाय," ते म्हणाले.

मेव्हणा चहा घेऊन गेला. जाताना त्याने आईच्या अंगावरची चादर नीट केली, खिडकीतून वाकून आभाळ बघितलं आणि पुढच्या वेळी जाड पडदा आणतो म्हणाला.

उन्हं उतरली तसा बोळातून चांगलाच गार वारा यायला लागला. काटेसाहेबांनी सासूबाईंच्या अंगावर शाल घातली आणि खिडकी लावायला हात वर केला.

"राहू दे उघडी," सासूबाई म्हणाल्या. "तक्रार खोटी पडेल."